तुम्ही विचारलंत म्हणून: माझी भाकरी आणि मे महिना

ऑफिसात, लग्नात, गिरणीवर, जो भेटतो तो हेच विचारतो, "सर, आमचं डाएट पंधरा दिवसात मोडतं, तुमचं इतकी वर्षं कसं काय टिकलं?" दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून सुटतो, पण ते खरं उत्तर नसतंय, म्हणून आज बसून लिहायलोय.

पहिलं म्हणजे माझंपण मोडलंच होतं. २०१९ला एचबीएवनसी आलं ६.३. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. घाबरलो, मोबाईल बघून ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली सगळं आणलं. लातुरात ब्रोकोली मिळते हो, पण एप्रिल-मेत ती बघितली की आपल्यालाच तिची दया येते. मग भाजी महागली, ओट्सचा वीट आला, आणि एका लग्नाच्या पंगतीत बुंदीवर असा काही हात मारला की त्याच दिवशी डाएटचा निकाल लागला.

तेव्हा डोक्यात आलं की डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं कुणालाही चांगलं खाता येतं. हुरडा असतो, मेथी-शेपू स्वस्त असते, वेळ अमावस्येला शेतात मिसळ भाज्यांची भज्जी नि आंबील असते. खरी गंमत मे मध्ये. २०१६ला तर मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय या गावानं, तिथं परसातल्या पालकाला कोण पाणी घालणार! म्हणून दुसऱ्या वेळी मी सुरुवातच मे महिन्यापासून धरली. आईला विचारलं, "उन्हाळ्यात काय खायचो गं आपण?" ती म्हणाली, "काय खायचो म्हंजे? थंडीत वाळवलेलं." हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून वाळवायची, गवारीच्या शेंगा वाळवायच्या, मुगाचे सांडगे घालायचे, जवसाची नि कारळाची चटणी कुटून ठेवायची. भाजी नसली की मटकी, मूग, हुलगे. मोड तर मे मध्ये एका रात्रीत येतात, फक्त सकाळी विसरलात तर दुपारी वास मारतो. आईचं एकच ऐकलं नाही, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि आमच्या आईचा सांडग्यातला हात बघितला तर ते लोक बेशुद्ध पडतील.

आता भाकरी. लहानपणी दोन्ही वेळा भाकरीच होती, मग हळूहळू चपाती कधी आली कळलंच नाही. रेशनवर गहू-तांदूळच यायचा, २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं होतं खरं, पण आमच्या दुकानात ती एक रुपयाची ज्वारी काही मला दिसली नाही, मग स्वस्त गहू सोडून महागाची ज्वारी कोण घेतंय. शिवाय चपात्या सकाळी करून डब्यात जातात, भाकरी गरमच लागते आणि थापायला कुणीतरी तव्यापुढं उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे बायको, आणि तीपण नोकरी करते. मी भाकरीचं नाव काढल्याबरोबर ती म्हणाली, "साखर तुमची, भाकरीपण तुमचीच."

शिकलो मग. पहिले दोन महिने नकाशे झाले. ज्वारीत ग्लुटेन नसतं म्हणून पीठ गव्हासारखं धरून राहत नाही, उकळतं पाणी घालून मळलं की जमतं, आणि पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, थापताना चिरा पडतातच. म्हणून दर रविवारी दोनच किलो दळण. ताज्या पिठाची पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा मी फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला, त्यावर मेहुण्यानं हात जोडलेले पाठवले, अजून कळलं नाही कशासाठी.

पण भाकरी म्हणजे काही औषध नाही हं, हे नीट ऐका. चार महिने भाकरी खाऊन रिपोर्ट जवळपास तसाच. डॉक्टरांनी विचारलं किती खाता, मी अभिमानानं सांगितलं, एका वेळी तीन. ते हसले. ज्वारी झाली तरी पीठच की! मग एकदा घरी काट्यावर भाजी मोजली, दिवसभरात माझ्या ताटात दीडशे ग्रॅमपण नव्हती, आणि फळं-भाज्या मिळून ४०० ग्रॅम तरी पाहिजेत, त्यात बटाटा धरायचा नाही. आता भाकरी दीड, भाजी किंवा उसळ मोठ्या वाटीनं, वरण, कांदा, ताक. संध्याकाळी सहाची भूक फुटाण्यावर. बाकी काही केलं नाही.

लग्नात बुंदी अजून खातो, वाढणारा "घ्या की सर" म्हणून उभाच राहतो, त्याच्याशी कोण भांडत बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पीठ असतं, डब्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी असते, वेगळं काही ठरवावं लागत नाही.

शेवटचा रिपोर्ट ५.८. म्हणजे उंबरठा काही अजून सुटला नाही. यंदा भाजीचे दोन डबे भरलेत, पण मुलाला ती लसूण घालून भयंकर आवडायला लागलीय, त्यामुळं जूनपर्यंत पुरते की नाही बघावं लागेल.