खोडलेली बाई

मंगळवार, रात्री साडेअकरा

भयकथा तिसऱ्यांदा लिहायला बसले. पहिला खर्डा २,४०० शब्दांचा होता. मोठ्या हौसेने भाचीला वाचायला दिला. ती पंधरा वर्षांची. या वयाचे वाचक तोंडदेखलं बोलत नाहीत. आरशातली बाई आली तिथे तिने जांभई देत पान उलटलं. (त्या बाईवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. केस, नखं, सगळं.) शेवटी म्हणाली, "मावशी, बाईचं काही वाटलं नाही. पण ती मुलगी आईला उठवते आणि आई कूस बदलून म्हणते, 'काही नाहीये गं, झोप', तिथे पोटात गोळा आला."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. लहान मूल घाबरलं की त्याला कुणीतरी कुशीत घेतं. मोठा माणूस घाबरला तर किल्ल्या उचलून घराबाहेर पडू शकतो. पंधराव्या वर्षी कुशीत शिरायची लाज वाटते आणि बाहेर पडायची मुभा नसते. सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: मोबाइल कमी बघ.

ॲन रॅडक्लिफ या भयकादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापला गेला. त्यात तिने भीतीचे दोन प्रकार केलेत. एकीत सगळं धूसर असतं, म्हणून मन ताठ जागं राहतं. दुसरीत ते गोठूनच जातं. माझी बाई धड कशातच बसत नव्हती. १९०२च्या 'द मंकीज पॉ' या इंग्रजी भयकथेत दारावरची थाप म्हातारा-म्हातारी दोघंही ऐकतात; बाहेर कोण होतं ते शेवटपर्यंत दिसत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी नखं रंगवत बसले!

आज बाई खोडली. ९०० शब्द उरले. पण मग वाचक विचारणारच, होतं तरी काय? तासभर अडले. शेवटी सकाळचा प्रसंग जोडला. आई डबा भरता भरता कुरकुरते, "रात्री तीनदा उठवलंस मला, झोपेचं खोबरं झालं." मुलीने तिला एकदाच उठवलेलं असतं.

इथेच थांबवली. खाली खुलाशाचा एक परिच्छेद लिहिला होता, तोही काढला.

भाचीला अजून दाखवलेली नाही. शनिवारी येतेय, मुक्कामाला.