शंका, संशय आणि माझी वही

मराठी माध्यमातून शिकून फोर्टमधल्या एका निर्यातीच्या ऑफिसात लागले, तेव्हा इंग्रजी वाचलेलं समजायचं. लिहायला बसलं की मात्र मनातल्या मराठी वाक्याचा एकेक शब्द बदलत जायचे.

लंडनच्या एका ग्राहकाला मी लिहिलं, ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युवर पेमेंट.’ मला फक्त दोन आकडे विचारायचे होते. उत्तर कोरडं आलं, सोबत बँकेच्या कागदांच्या प्रती. आमच्या सीनियर मॅडमनी मेल वाचला. म्हणाल्या, “अगं, तुला शंका विचारायची होती की संशय घ्यायचा होता?” आपल्याकडे वर्गात ‘डाउट’ विचारतात तो प्रश्न असतो. तिकडे त्याच शब्दातून अविश्वास ऐकू येतो. त्या रात्री झोप लागली नाही. एका सरळ माणसाला मी दुखावलं होतं.

तोवर माझ्याकडे इंग्रजी-मराठी कोश होता. त्यात अर्थ मिळायचा, पण कुठला शब्द कुणाबरोबर बसतो ते कळायचं नाही. मॅडमच्या सांगण्यावरून फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा जुना शब्दकोश घेतला. त्याचे मूळ संपादक ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या मूळ कोशाची पहिली आवृत्ती १९४२ मध्ये तिथेच छापली गेली. परक्या भाषेतून येणारा माणूस कुठे अडेल, याचा विचार त्यात पानोपानी दिसतो.

मग वही केली. सुटा शब्द लिहायचा नाही, जोडीच लिहायची. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. ‘दोन वर्षांपासून’ला मी ‘सिन्स टू इयर्स’ लिहायचे. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचं साल असेल तर ‘सिन्स’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही.

सगळ्यात जास्त दिवस गेले आपल्या ‘च’वर. ‘कालच पाठवलं’ म्हणताना आपल्याला सांगायचं असतं की काम केव्हाच झालंय. मी ‘ओन्ली यस्टरडे’ लिहायचे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, कालपर्यंत पाठवलंच नव्हतं! तिथे ‘ऑलरेडी’ हवा. हे कळल्यावर भांडुपच्या गाडीत बसल्या बसल्या मी जुने मेल उघडून प्रत्येक ‘ओन्ली’ तपासला.

वजनदार शब्दांच्या याद्या पाठ करण्यात मीही तीन महिने घालवले. करू नका. ‘कमेन्स’ येऊन काही अडलं सुटलं नाही, ‘स्टार्ट’च कामाला आला.

वाक्यरचनेला वेळ लागला. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून मी आधी सगळी कारणं मांडायचे आणि मागणी तळाशी जायची. आता कच्चा मेल लिहून झाला की विचारते: कोणी, काय करायचंय? तेवढं पहिल्या ओळीत घेते, कारण नंतर. मग हळू आवाजात वाचते. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडते.

गेल्या महिन्यात त्याच ग्राहकाला लिहिलं, ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय टू फिगर्स?’ संध्याकाळी सहाच्या आत दोन्ही आकडे आले, आणि खाली मनापासूनचे आभार. मी तो मेल मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला, आणि माझी वही मागून घेतली. नव्या मुलीला द्यायची होती.