तुमच्या केकचे खालचे मजले खोटे असतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

होय, असतात. राजारामपुरीत भाजी घेताना, बँकेच्या लाइनीत, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "त्या पाच मजली केकमधला खरा किती ओ?" म्हणून एकदाच सांगते. सगळ्यात वरचा खरा, २ किलो. खालचे ४ डमी, म्हणजे थर्माकोल, त्यावर फाँडंट, म्हणजे साखरेच्या लगद्याची लाटलेली पोळी.

आणि हे काय मी कोल्हापुरात बसून शोधून काढलेलं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातला केक, १८४० चा, ३०० पौंडांचा होता, म्हणजे जवळपास १३६ किलो, आणि तो खरा होता, मान्य. पण तिच्याच थोरल्या लेकीच्या लग्नात १८५८ ला मजले चढवले तेव्हा केक तेवढा खालचा, वरचं सगळं नुसतं साखरेचं काम. केकवर केक ठेवला की खालचा दबतो, राणीची लेक असली म्हणून काय झालं. सगळे मजले खाता येतील असा केक व्हायला धाकट्या लेकाचं, लिओपोल्डचं लग्न यावं लागलं, १८८२ ला. पुढं युद्धात, १९४० ला, ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करायलाच बंदी आली, तर बेकरीवाले पुठ्ठ्याचा पांढराशुभ्र मजली सांगाडा भाड्यानं द्यायला लागले आणि त्याच्याखाली बिचारा छोटासा खरा केक. जपानात तर मेणाचे नाहीतर रबराचे उंच केक असायचे, त्यात सुरी घालायला फट ठेवलेली, फोटो झाला की आतनं कापून आणलेले पीस वाटायचे. मग मी एकटीच लबाड कशी?

पण हे सगळं मी नंतर वाचलं, त्या रात्रीनंतर. त्याच्याही कितीतरी आधी मीच माझ्या केकच्या क्लासच्या मुलींना सांगायचे की डमी म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, आपल्याकडं मिळणार नाही. तेव्हाची मी आता भेटले तर तिला म्हणेन, बाई, मे महिन्यात पाचही मजले खरे करून टेम्पोतनं लॉनवर नेऊन दाखव, तेही एगलेस, आणि तांबडा-पांढरा ओरपून पान खाल्लेल्या पब्लिकला तो १८ किलो केक खायला घालून दाखव. ती काय म्हणेल तेही माहीत आहे. म्हणेल, मग बिलात 'डमी' लिही की.

त्या रात्रीच्या केकला तेच लिहिलेलं नव्हतं. बिलात '५ टियर केक' एवढंच. मुलीच्या वडिलांना मी समोर बसवून सांगितलं होतं, ते हसून म्हणाले होते, "उंच दिसूदे ताई, व्याह्यांच्या थोरल्याच्या लग्नात चार मजली होता." रिसेप्शनला सूत्रसंचालकाच्या हातात माइक. मी शिकवून ठेवलं होतं, कापायचं वरनं. पण नवरदेवाच्या मित्रांनी तलवार आणली, आणि माइकवाला म्हणाला, पाया मजबूत तर संसार मजबूत, घाला खालच्या मजल्यात! (तिकडं ब्रिटनमध्ये १९४७ ला राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिपनं लग्नात ९ फुटी केक तलवारीनंच कापला होता, पण तो खरा होता.) मी स्टेजपर्यंत पळतच गेले, तोवर आवाज आला. कर्रर्र. थर्माकोल कापल्याचा आवाज माइकवर कसा येतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल, माझ्या तर अजून दातात शिरतो. तलवार अडकली, त्यानं हिसका दिला, पांढरे दाणे शेरवानीला, नवरीच्या शालूला, नथीला सुद्धा. पुढच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "आई, टीव्हीच्या खोक्यातलं!" अख्खं लॉन हसलं. व्याही नाही हसले. त्यांनी मुलीच्या वडिलांकडं बघितलं, आणि वडिलांनी माझ्याकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "आम्ही पूर्ण केक सांगितला होता."

मी गप्प बसले.

लोक म्हणतात, खरं का नाही बोललीस. मुलीचा बाप हो तो, त्या घडीला त्याला खोटं पाडून मला काय मिळालं असतं. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि चांगलं वाटतं सांगायला. पण बिलात डमी लिहिलेलं नव्हतं, बोलले असते तर दाखवायला हातात काहीच नव्हतं, हेही होतंच ना. यातलं नक्की कुठलं खरं, मला आज पण सांगता येत नाही. बिलाचे उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले, पूर्ण. सोबत निरोप नाही, फोन नाही. त्यानंतर दोनदा महाद्वार रोडला समोरासमोर आलो, त्यांनी मान वळवली, दुसऱ्यांदा मीच वळवली.

ख्रिश्चन घरातलं लग्न असलं तर मी डमी देतच नाही, तिथं केक खरोखर वाटला जातो, पीस बांधून घरोघरी जातात. आपल्याकडं तो फोटोपुरता, मग थर्माकोलला नावं का ठेवायची असं मी म्हणते, आणि म्हणता म्हणता बिलात 'डमी' हा शब्द अजून बारीक अक्षरातच लिहिते.

एक मात्र बदललंय. सगळ्यात खालच्या मजल्याला पुढून खाच पाडून त्यात अर्धा किलो खरा केक बसवते, वर लाल गुलाब लावते. सुरी त्या गुलाबाखालीच घालायची, एवढं नवरदेवाच्या कानात सांगते. हा प्रामाणिकपणा की जास्त हुशारीची लबाडी, तुम्हीच ठरवा. आणि तलवार आणणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, खाच मोठी ठेवावी लागते.