आबांची बिनआवाजाची भाषा

आबा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन दीड महिना झाला. वय ९३. मी इकडे मँचेस्टरला, मिळेल ते विमान पकडून लालबागला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं, कोपऱ्यात त्यांची काठी तेवढी उभी होती. बाराव्याला हजर राहता आलं, एवढंच.

काल मुलीला घेऊन इथून जवळच स्टायलला गेलो होतो. तिथे क्वारी बँक नावाची १७८४ सालची कापडगिरणी आहे, आता म्युझियम आहे पण जुने साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवून दाखवतात. हातमाग नाही हां, पट्ट्यावर फिरणारे. तिथल्या बाईंनी एक साचा चालू केला आणि जमीनच हादरायला लागली, खाडखाड खाडखाड, आडवा धागा नेणारा धोटा या टोकाचा त्या टोकाला, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मग बंद करून म्हणाल्या, असे शेकडो एकदम चालायचे त्यामुळे विणकर आवाजाने बोलायचेच नाहीत, ओठ मोठे मोठे हलवून बोलायचे, त्याला इकडे मी-मॉइंग म्हणतात. आणि करून दाखवलं.

मी बघतच राहिलो. अरे हे तर आमचे आबा!

१९४८ ला, सतराव्या वर्षी, देवगडहून बोटीने आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. गाववाल्याच्या ओळखीने मिलमध्ये बदली कामगार, म्हणजे कुणी गैरहजर असला तरच काम, खाणावळीत जेवण, आणि काही वर्षांनी कायम झाले तेव्हा कुठे आज्जीला मुंबईला आणलं. साचेवाले होते, दोन साचे एकटे सांभाळायचे. त्यातच कान गेले. घरी पण ते ओठांनीच बोलायचे, गॅलरीच्या त्या टोकाला उभे राहून बाबांना अख्खी गोष्ट सांगायचे आणि मधल्या खोल्यांमधल्या कुणाला पत्ता लागायचा नाही. दोन बोटं ओठांना लावली की चहा टाक. पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया वर केल्या की जेवलास का. आज्जीची उत्तरं पण तशीच, हात कणकेत असले तर नुसत्या मानेने.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आबाही, वय ५१. परत साच्यापुढे उभं राहणं झालंच नाही. चिवडा गल्लीत एका दुकानात पाकिटं भरायला बसायचे पण बाबांचं कॉलेज थांबू दिलं नाही. त्या दिवसांबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आवाजाने नाही आणि ओठांनीही नाही. फक्त पहिल्या पाळीच्या हिशोबाने पहाटे उठून बसायचे, भोंगा बंद होऊन चाळीस वर्षं झाली तरी.

मी इकडे आलो त्याला नऊ वर्षं झाली. कानाचं मशीन त्यांनी दोन दिवसांत काढून ठेवलं, साध्या फोनवर काही ऐकू यायचं नाही, पण व्हिडिओ कॉलवर आमचं मस्त चालायचं. नेट गंडून आवाज गेला की बाकी सगळे हॅलो हॅलो करत बसायचे आणि आबा आरामात माझे ओठ वाचत असायचे. मुलगी चार वर्षांची असताना त्यांच्याकडूनच शिकली, मराठी धड बोलता येत नाही तिला, पण बोटं जुळवून भुवया वर करते ते अगदी आबांसारखं.

काल म्युझियममध्ये पण तिने त्या बाईंना तसं करून दाखवलं. बाई हसल्या, त्यांना काही कळलं नाही बहुतेक.

साच्याचा व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. लहानपणी ते मिलच्या गेटवर आबांचा डबा पोचवायचे, आवाज त्यांच्या कानात असणारच. लगेच फोन आला, बराच वेळ काही बोलेनात, मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, "एकच चालू होता काय रे?"