पॅरिसमध्ये वेलिबवरून: कॉन्कॉर्ड ते ला व्हिलेत, मग मोंमार्त्र

वेलिब म्हणजे पॅरिसची भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची सेवा. तिच्या स्टँडवर एखाद्या सायकलची सीट उलटी फिरवलेली दिसली, तर तिच्या वाटेला जाऊ नका. बिघाड झालेली सायकल पुढच्याला कळावी म्हणून पॅरिसकर तसं करून जातात. सीट सरळ असली तरी टायर दाबून, दोन्ही ब्रेक ओढून आणि पॅडल उलटं फिरवून चेन पाहूनच कुलूप उघडा.

हिरवी सायकल साधी, निळी इलेक्ट्रिक. पास काढताना कार्डावर 300 युरो अनामत अडकवली जाते. कापली जात नाही, पण फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर गाडी तिथेच अडते. क्रेडिट कार्ड बरं.

कॉन्कॉर्ड चौकातून रिवोली रस्त्याच्या रुंद सायकल मार्गाने बास्तीय चौक, तिथून रिशार-लनुआर बुलव्हार आणि पुढे सें-मार्तें कालव्याच्या काठाने ला व्हिलेतच्या तोंडाशी असलेला स्टालिनग्राद चौक: एकूण सुमारे 8 किमी. बास्तीयनंतर पहिला टप्पाभर कालवा रस्त्याखालूनच वाहतो, पाणी नंतर दिसतं. कालव्याला 9 जलद्वारं आणि 25 मीटरचा चढ, पण तो इतका पसरलेला की हिरवी सायकल पुरते. साध्या सायकलच्या दिवसाच्या पासात प्रत्येक फेरीची पहिली 30 मिनिटं धरलेली असतात. म्हणून बास्तीयला सायकल लावून दुसरी घ्या.

वाहतूक उजवीकडून. सरळ जाताना चूक होत नाही. डावं वळण घेतलं की सवयीने आपण नेमके चुकीच्या बाजूला जातो. सिग्नलखाली लाल काठाच्या त्रिकोणात पिवळी सायकल आणि बाण असेल, तर बाणाच्या दिशेने लाल दिव्यातही जाता येतं, मात्र पादचारी आधी. कानात इअरफोन असेल तर दंड 135 युरो.

मोंमार्त्रच्या टेकडीसाठी निळीच घ्या, आणि स्क्रीनवर चार्ज पाहून. ताशी 25 किमीपुढे मोटर साथ सोडते, चढावर तो वेग येतच नाही. सगळे उतारावरून खाली जातात, वर सायकल चढवणारे थोडे. त्यामुळे टेकडीवरची स्टेशनं रिकामी आणि पायथ्याची भरलेली. परतीची सायकल वर मिळेल हे धरून चालू नका. उतारावर दगडी फरशी असते, ओली असेल तर पुढचा ब्रेक एकटा दाबू नका.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो परत लावताना. सायकल स्टँडमध्ये जोरात ढकला, दोन बीप ऐका, स्क्रीनवर ‘स्टॉप’ उमटू द्या. एकच बीप आला आणि तुम्ही निघालात, तर फेरी चालूच राहते आणि मीटर पळत असतं. अ‍ॅपवर फेरी संपल्याचं दिसेपर्यंत जागचे हलू नका.