शिवजयंती, बारा किल्ले आणि गेटपास

छावणीतला आमचा शिवजयंतीचा कार्यक्रम होऊन महिना झाला, तरी गेटपासच्या खिडकीवरचे ‘लिस्ट बदलून आणा’ हे शब्द आठवले की अजून डोकं तापतं. छावणीत शिवजयंती किंवा मराठी भाषा गौरव दिन करायचं एखाद्या वहिनीच्या मनात असेल, तर माझ्यासारखे हेलपाटे तिला पडू नयेत म्हणून हे लिहितेय.

आमचं युनिट मिश्र. मराठा लाइट इन्फंट्रीत शिवजयंती काय, किंवा ४ फेब्रुवारीचा मराठा दिवस काय (१६७० साली कोंढाणा घेतला तो दिवस), अख्ख्या पलटणीचाच सण. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे मराठी घरं अठरा. बाकी तमिळ, पंजाबी, गढवाली, बिहारी. ह्यांनी सुभेदार मेजर साहेबांमार्फत अर्ज दिला आणि तो दोन दिवसांत वर गेलाही. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी एकच विचारलं, “यात बाकीच्यांसाठी काय आहे?” हा प्रश्न मला फार आवडला. अर्ज लिहायच्या आधीच आपण तो स्वतःला विचारावा. फौजेत एका प्रांताचा कार्यक्रम कधीच फक्त त्या प्रांताचा नसतो, आणि ते बरोबरच आहे.

उत्तर आम्हाला किल्ल्यांत सापडलं. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ठरलं, बारा तक्ते करायचे, माहिती हिंदीत लिहायची आणि शेवटी मर्दानी खेळ. १९ तारखेला गुरुवार, म्हणून त्या दिवशी सकाळी फक्त प्रतिमापूजन आणि मुख्य कार्यक्रम रविवारी, २२ ला. २७ च्या भाषा दिनासाठी मुलांच्या कविताही त्याच संध्याकाळी घेतल्या. (तारीख पक्की करायच्या आधी युनिटच्या फायरिंगचं वेळापत्रक बघा. आमची पहिली तारीख त्यातच गेली.)

मैदान, खुर्च्या, माईक, चहा हे सगळं सुरळीत झालं.

अडलं ते पासवर. शहरातल्या मराठी मंडळाची आठ मुलं मर्दानी खेळ करायला येणार होती, सोबत एक हलगीवाला. बाहेरची माणसं आत घ्यायची म्हणजे नावांची यादी मंजूर करून घ्यावी लागते. यात गैर काहीच नाही, मी फौजीची बायको आहे, सुरक्षेचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पण २ फेब्रुवारीला यादी घेऊन गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, “हाताने लिहिलेली चालत नाही, फॉरमॅटमध्ये आणा.” फॉरमॅट कुठे मिळेल? “सबको पता होता है.”

टाइप करून नेली. वडिलांचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही. परत. तिसऱ्या खेपेला आधारच्या झेरॉक्सची मागची बाजू राहिली होती, आणि एका मुलाचा पत्ता साताऱ्याचा, राहतो इथे. त्याच्यासाठी मंडळाचं वेगळं पत्र. चौथ्या खेपेला सामानाची यादी मागितली. मी तिथेच बाकावर बसून लिहून दिली. त्याने पेन्सिल काढली आणि दोन ओळींभोवती गोल केला: तलवार ४, दांडपट्टा २. “ये अंदर नहीं जाएगा.”

मला रडूच आलं. नियम चुकीचा म्हणून नव्हे. नऊ इंचांहून लांब पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं, बाहेरच्या पोरांच्या हाती ते फाटकातून कुणी सोडणार नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. पण हा माणूस दर खेपेला एखाद-दुसरीच चूक दाखवत होता. सगळ्या चुका पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिल्या असत्या, तर माझे दहा दिवस वाचले असते. कडेवर धाकटी आणि मोठ्याची शाळेची बस चुकलेली, अशी मी उभी होते आणि खिडकी एकला बंद होते म्हणून तो उठूनही गेला.

सुटका केली ती आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या पंजाबी भाभींनी. त्यांच्याकडे आदल्या वर्षीच्या बैसाखीच्या कार्यक्रमाची मंजूर यादी होती, शिक्क्यासकट. गतका (शिखांचा शस्त्रखेळ) खेळणारी मुलं तेव्हा बाहेरून आली होती. भाभी म्हणाल्या, “हमारी भी तलवारें रोकी थीं. सोटी और फर्री से खेले बच्चे.” सोटी म्हणजे काठी, फर्री म्हणजे ढाल. मी चमकले. आमच्या मर्दानी खेळातही सरावाला फरी-गदगाच असतो, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात चामडं मढवलेली काठी! मंडळाच्या वस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, तलवार कशाला, पोरं गदग्यावर जास्त छान खेळतात.”

त्या जुन्या यादीबरहुकूम नवी केली: फरी ४, गदगा ४, लाठी ६, हलगी १. १८ तारखेला पास हातात पडले. म्हणून सांगते, फॉरमॅट खिडकीवर विचारूच नका. शेजारच्या कुठल्याही युनिटमध्ये कुणाकडे तरी मंजूर झालेला जुना कागद असतो, तो आणा आणि ओळीन् ओळ तशीच ठेवा. आणि पासवर बाहेर पडायची वेळ तासभर वाढवूनच मागा.

आणखी एक राहिलं. फोटो काढायची जागा आधी विचारून घ्या, आणि मुलांच्या आईवडिलांना बजावून सांगा की फोटो कुठेही टाकायचे नाहीत.

रविवारी सर्वांत जास्त गर्दी जिंजीच्या तक्त्यापुढे होती. राजाराम महाराज तिथे राहिले, मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला, एवढं आम्ही लिहिलं होतं. आमच्या युनिटमधल्या एका तमिळ हवालदारांच्या पत्नी त्यासमोर थबकल्या. “सेंजी,” त्या म्हणाल्या, “आम्ही सेंजी म्हणतो.” लग्नाआधी त्या किल्ल्यावर चढल्या होत्या. मग पुढचा अर्धा तास त्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगत होत्या, आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते. खडूने खाली मी ‘सेंजी’ही लिहून टाकलं.

खेळ संपत आला तेव्हा दोन सरदार जवान पुढे आले आणि वस्तादांना विचारून त्यांनी फरी-गदगा हातात घेतला. आमच्या साताऱ्याच्या पोराशी, ज्याच्या पत्त्यापायी मी चौथी खेप घातली होती त्याच्याशी, त्यातला एक जण खेळला. पवित्रे वेगळे, वार वेगळे, पण पाचेक मिनिटं दोघांनी एकमेकांना अंगाला हात लावू दिला नाही. हलगीवाल्याने ताल सोडला नाही आणि मैदानातून “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय” आणि “बोले सो निहाल” एकापाठोपाठ उठलं.

रात्री फाटकावर सामान मोजून बाहेर सोडलं. लाठ्या सहा, फऱ्या चार, गदगे मात्र तीन. चौथा त्या सरदारजींच्या हातात राहिला होता. ते बॅरेकमधून पळत घेऊन आले तेव्हा पासची वेळ संपायला बारा मिनिटं होती.