सॉर्बिट्रेट खिशात असेल तर ही गोळी नको

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची पट्टी शर्टाच्या खिशात बाळगणारे अनेक जण असतात. त्यांनी लिंगाच्या ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या गोळ्यांना हात लावायचा नाही. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गटातली औषधं रक्तवाहिन्या सैल करतात आणि ही गोळी तोच परिणाम कैक पटींनी वाढवते. बीपी धाडकन कोसळतं, जीवही जाऊ शकतो. निकोरँडिल हे छातीदुखीवरचं दुसरं औषध घेणाऱ्यांनाही हेच लागू.

गोळी आधीच घेतली असेल आणि छातीत दुखू लागलं, तर सॉर्बिट्रेट न घेता थेट दवाखाना गाठा. कोणती गोळी, किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. बायकोलाही हे माहीत हवं, कारण त्या वेळी बोलणारी बहुधा तीच असेल.

सिल्डेनाफिल साधारणपणे ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पासष्टीपुढे किंवा लिव्हर-किडनीचा त्रास असल्यास २५. संबंधाच्या तासभर आधी, दिवसातून एकदाच. ‘गोळी लागूच पडली नाही’ असं सांगणाऱ्यांनी पुष्कळदा मटणाच्या जेवणावर ती घेतलेली असते. तेलकट-तुपकट जेवणाने ती उशिरा भिनते. शिवाय मनात इच्छा नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. म्हणून एकदा फसलं की लगेच दुसरी गोळी घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा नीट घेऊन पाहा, मग डोस बदलायचं डॉक्टर ठरवतील. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही, पण त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर चक्कर येऊ शकते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचं. ताठरता चार तासांनंतरही उतरत नसेल किंवा अचानक दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जा.

मेडिकलवाल्याकडे दबक्या आवाजात ‘पॉवरची गोळी’ मागण्यापेक्षा शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळा अनेकदा तिथे आधी जाणवतो. ‘शंभर टक्के जडीबुटी’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्येही सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे, आणि ते किती आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं. खिशात सॉर्बिट्रेट असलेल्या माणसाने अशी कॅप्सूल तर मुळीच घेऊ नये.